ओढ्याच्या तोंडाशी बांधलेली गाठ

अकिनोसावा गावात तोमेझोला लोक दोन गोष्टींवरून ओळखत. एक त्याच्या पायांतल्या पेंढ्याच्या चपला आणि दुसरं त्याचं तोंड. सगळं गाव रबरी बूट घालून ओढ्यात उतरायला लागून पंधरा वर्षं झाली होती, पण हा बाबा हिवाळाभर शेकोटीपाशी बसून स्वतःच्या चपला स्वतः विणायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की शेवाळलेल्या दगडावर पेंढ्यासारखी पकड रबराच्या बापाला जमायची नाही. ते खरंही होतं. तोमेझोचं बरंचसं बोलणं खरंच असायचं, आणि म्हणूनच ते ऐकून घेणं लोकांना जड जायचं.

तीस वर्षं त्याने सरकारी जंगलात देवदाराची रोपं पाठीवरून डोंगर चढवली होती. काम सुटल्यावर गावच्या मासेमारी संघाने त्याला ओढ्यांचा राखणदार नेमलं आणि दंडावर बांधायला एक पिवळी पट्टी दिली. ती पट्टी त्याने अशी काही अंगाला लावून घेतली, की बायको कियो म्हणायची, हा माणूस आंघोळीला उतरताना तेवढी एक काढतो हे नशीब. परवाना पाहणं, लहान मासे परत सोडायला लावणं ही कामं तो करायचाच, पण त्याचा खरा जीव होता तो एका नियमात.

इवाना हा आमच्या डोंगरातला ट्राऊट मासा, थंड पाण्यातला आणि अतिशय भित्रा. तो वरून येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून माणसाने खालून वर चढत जायचं, त्याच्या पाठीमागून. कोंबड्याच्या पिसाची माशी बांधलेला गळ त्याच्या पुढ्यात अलगद टाकायचा, एका डोहात तीनदा-चारदा, आणि पुढे सरकायचं. पाण्यावर माणसाची सावली पडली की मासा दगडाखाली शिरतो, तो अर्धा दिवस बाहेर येत नाही. तेव्हा पहाटे येऊन ज्याने ओढा धरला, त्या दिवशी ओढा त्याचा. त्याला वळसा घालून वरच्या अंगाने त्याच्या पुढे उतरणं, याच्याइतकं हलकट काम आमच्याकडे दुसरं नाही. चोरी केलेल्या माणसाशी लोक चार वर्षांनी का होईना बोलतात. पुढे उतरलेल्याला गरम झऱ्याच्या हौदात कुणी सरकून जागा देत नाही.

यासाठीच गाठीची चाल आहे. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी बुटक्या बांबूचं रान असतं. पहिल्याने चार पाती एकत्र धरून गाठ मारायची आणि संध्याकाळी उतरताना सोडायची. मागून आलेल्याने गाठ पाहिली की निमूट मागे फिरायचं, दुसरा ओढा शोधायचा. बाहेरच्या लोकांना हे कळावं म्हणून तोमेझोने स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवली होती आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गाठ दिसली तर परत जा.' एकदा नागोयाचे दोघे गाठ ओलांडून गेलेले सापडले, तेव्हा याने त्यांना रस्त्यावर उभं करून विचारलं होतं, "घरी जेवायला बसल्यावर शेजाऱ्याच्या ताटातला मासा उचलता का हो तुम्ही?" त्यातला एक म्हणाला, नाही. "मग इथे का उचलता? की डोंगरात आलं की आईने शिकवलेलं गाडीतच ठेवायचं असतं?" त्या दोघांनी मान खाली घालून गाडी वळवली होती, आणि ही गोष्ट तोमेझोने गावात निदान चाळीस वेळा सांगितली होती.

आणि हाच तोमेझो जूनच्या एका सकाळी शिनपेईच्या पुढे उतरला होता.

शिनपेई त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, सत्तरीला टेकलेला, गुडघ्यांनी अधू आणि बोलायला कमी. तोमेझो नऊ वर्षांचा असताना त्याच्या हातात पहिली काठी शिनपेईनेच दिली होती, आणि दोरी पाण्याआधी हवेत सरळ कशी करायची तेही त्यानेच शिकवलं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाल्यापासून शिनपेईला घर, मुळ्याचा वाफा आणि नेझु ओढा याखेरीज चौथी जागा उरली नव्हती. तो डावखुरा होता, म्हणून त्याची गाठ उलटी पडायची. तशी गाठ गावात दुसऱ्या कुणाची नव्हती.

तर झालं असं, की संघाची बैठक सरायीत होती आणि बैठकीनंतर साके, म्हणजे तांदळाची दारू होती. सरायीची मालकीण फुसाए बोलता बोलता म्हणून गेली, की यापुढे पाहुण्यांना ती तळ्यात पाळलेले मासे भाजून देणार आहे, कारण ओढ्यातले मिळतील तर मिळतील, भरवसा नाही. तोमेझोचं डोकं सणकलं. त्याचा बाप याच सरायीला मासे घालत होता. त्याने भर बैठकीत वाटी आपटली आणि म्हणाला, अकिनोसावाच्या ताटात तळ्यातला मासा पडला तर मी पट्टी उतरवीन, उद्या दुपारच्या आत बारा इवाना तुझ्या मागच्या दाराशी आणून टाकतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फुसाए हसून म्हणाली, "बघा हं तोमेझोसान, मी तळेवाल्याला नको म्हणून कळवते आहे."

रात्रभर पाऊस पडला. सकाळी मोठी नदी गढूळ, कुरो ओढा गढूळ, पलीकडचे दोन्ही गढूळ. वर झाडतोड झालेली नाही असा एकच ओढा होता, नेझु, आणि तो कितीही पाऊस झाला तरी दोन तासांत निवळायचा. तोमेझो तिथे पोचला तेव्हा साडेसहा वाजले होते. तोंडाशी तांबड्या मातीचा पट्टा आहे, त्याच्या पलीकडे बांबूच्या पातींना गाठ होती. उलटी गाठ.

तो तिथे बराच वेळ उभा राहिला असं तो नंतर स्वतःला सांगायचा. खरं तर फार वेळ नव्हता राहिला. मागे फिरून सरायीत जायचं आणि फुसाएला सांगायचं, की मासे मिळाले नाहीत, बोलाव तुझ्या तळेवाल्याला, एवढंच करायचं होतं. ते त्याच्याने झालं नाही. त्याने पट्टी काढून खिशात घातली, कोळसेवाल्यांच्या जुन्या पायवाटेने कडेकडेने डोंगर चढला आणि अर्ध्या ओढ्यावर, पडक्या भट्टीपाशी, पाण्यात उतरला. पावसाने सगळेच दगड ओले होते, त्यामुळे आपल्या पावलांचा माग कुणाला दिसणार नाही, हेही त्याने हिशेबात धरलं होतं. उतरताना एका चपलेचा बंद तुटला. ती त्याने दगडामागे भिरकावली, कमरेला लटकवलेली दुसरी घातली आणि दोरी हवेत सोडली.

त्या सकाळी मासे वेड्यासारखे लागले. अकरापर्यंत बारा झाले. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट, जी त्याने कियोलाही कधी सांगितली नाही, ती ही, की त्या चार तासांत त्याला शिनपेईची आठवण एकदाही झाली नाही. तो मजेत होता.

सरायीच्या मागच्या दाराशी फुसाए मासे मोजून घेत होती आणि आचारी, मोलकरणी, दोन-चार पाहुणे कौतुकाने पाहत होते, तेव्हा खालून शिनपेई आला. पाय ओढत, टोपली रिकामी. फुसाएने त्याला हाक मारून मासे दाखवले. शिनपेईने परातीत पाहिलं, मग तोमेझोकडे पाहिलं.

"कुठले रे?"

"कुरोचे. वरच्या अंगाचे," तोमेझो म्हणाला.

"कुरो इतक्यात निवळला?"

"वर निवळला होता."

शिनपेईने मान डोलावली. फुसाएने त्याला विचारलं, तुम्हाला काय लागलं, तर तो म्हणाला, "काही नाही. माझे डोळे गेले आता. माशी पाण्यावर दिसतच नाही, मग मासा केव्हा ओढतो ते काय कळणार?" सगळे हळहळले. सर्वांत मोठ्याने तोमेझो हळहळला.

त्या दिवसापासून शिनपेई ओढ्याकडे फिरकला नाही. जुलैमध्ये तो स्वतःची काठी घेऊन तोमेझोच्या घरी आला. तरुणपणी धुरावर शेकून सरळ केलेली बांबूची काठी, तीन तुकड्यांची, मुठीवर डाव्या हाताच्या बोटांचे खळगे पडलेली. म्हणाला, मला आता हिचा उपयोग नाही, नेझुच्या पाण्याची हिला सवय आहे, तिथे ओली कर म्हणजे झालं. तोमेझोने नको नको म्हटलं. कियोने त्याला कोपराने ढोसलं, मोठ्या माणसाने दिलेली वस्तू नाही म्हणतात का. त्याने दोन्ही हातांनी काठी घेतली आणि वाकून आभार मानले. त्या रात्री तो जेवला नाही, पोट बिघडलं म्हणाला.

शिनपेईचे डोळे गेल्याचं एकदा कळल्यावर गावाने त्याची काळजी घ्यायला सुरुवात केली, आणि आमचं गाव काळजी घेऊ लागलं की माणसाची सुटका नसते. टोफूवाली त्याच्या हातात सुटे पैसे एकेक करून ठेवू लागली. पोरीबाळी त्याला कोपराला धरून पूल ओलांडून देऊ लागल्या. गावची सूचनांची फळी घरोघरी फिरते, ती त्याच्याकडे घेऊन जायचं काम तोमेझोने आपण होऊन अंगावर घेतलं. तो ओट्यावर बसून मोठमोठ्याने सूचना वाचून दाखवायचा, जणू शिनपेई बहिराही आहे, आणि शिनपेई डोळे बारीक करून ऐकून घ्यायचा. तेवढ्याने तोमेझोला आठवडाभर जरा हलकं वाटायचं.

काठी मात्र खुंटीवरच राहिली. नेझुकडे जायची त्याला हिंमत होत नव्हती. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. रस्त्यावर कुणाला गाठीबद्दल सांगायची वेळ आली की आता त्याचा आवाज खाली यायचा, आणि बाहेरचे लोक म्हणू लागले, म्हातारा बराच निवळला की.

हंगाम तीस सप्टेंबरला संपतो. त्यानंतर पाच महिने ओढे बंद, थेट मार्चपर्यंत. एकोणतीस तारखेला कियो हौदावरून आली ती सांगतच आली, की वाटेत शिनपेईसान भेटले होते, काठी नेझुला ओली केली का विचारत होते, तिसऱ्यांदा विचारलं त्यांनी, आता मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. तुला कसली लाज वाटते, असं तोमेझोच्या ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "उद्या जातो."

उद्या जायचं ते एवढ्यासाठीच, की शिनपेईने चौथ्यांदा विचारलं तर निदान एक उत्तर खरं देता यावं.

तो पहाटे पाचला ओढ्याच्या तोंडाशी पोचला. तांबड्या मातीवर दुसऱ्या कुणाची पावलं नव्हती. त्याने चार पाती धरल्या आणि गाठ मारली. गेली पन्नास-पंचावन्न वर्षं मारत आलेली गाठ, पण ती दोनदा सुटली. मग तो खालून, पहिल्या डोहापासून, रीतसर वर निघाला.

बांबूची काठी हाताला जड होती, आणि मुठीवरचे खळगे त्याच्या बोटांना जुळत नव्हते. ते डाव्या हाताचे होते. पहिली काही टाकणी वाया गेली, दोरी पाण्यावर गोळा होऊन पडली. मग त्याने आठवून आठवून शिनपेईसारखं टाकून पाहिलं, मनगट थांबवून, काठीलाच काम करू देऊन, आणि माशी एका दगडाच्या कडेला अशी उतरली, जणू तिथेच जन्मली असावी. मासा लगेच आला. मुठीतून कोपरापर्यंत तो झटका गेला. वीतभर लांबीचा, पोट पिवळं, पाठीवर ठिपके. शरद ऋतूत मासे असेच रंगलेले असतात. तोमेझोने त्याला ओल्या हाताने धरून गळ काढला आणि आपसूक त्याच्या तोंडून निघालं, "शिनदादा, ही काठी आहे की काय आहे." मग आपण एकटे आहोत हे त्याला आठवलं.

साडेनऊपर्यंत चार झाले. चेस्टनटची फळं पाण्यात टपटपत होती, हवा कोरडी होती आणि ओढा इतका स्वच्छ होता की डोहाच्या तळाचे खडे मोजावेत. असा दिवस हंगामात एखादाच. दहाच्या सुमारास तो पडक्या भट्टीपाशी आला. इथून नजर खाली ठेवून भरभर पुढे जायचं, असं त्याने खालपासून ठरवलं होतं. पण डोक्याला काहीतरी लागलं म्हणून त्याने वर पाहिलं.

फांदीला पेंढ्याची चप्पल टांगलेली होती.

आमच्याकडे झिजलेली चप्पल ओढ्याकाठी टाकत नाहीत. तिने डोंगरात पाय सांभाळलेला असतो, म्हणून ती झाडाला बांधून डोंगरदेवीला सोपवायची असते. तोमेझोच्या बापाने त्याला हे शिकवलं होतं आणि त्याने जूनमध्ये घाईघाईत ती दगडामागे भिरकावली होती. कुणीतरी ती उचलली होती, चिखल धुतला होता आणि तुटलेल्या बंदाची टोकं जुळवून फांदीला नीट बांधली होती. तोमेझोने हात वर करून गाठ चाचपली. गाठ बारीक होती, घट्ट होती, आणि उलटी होती.

तो तिथेच दगडावर बसला.

जूननंतर शिनपेई ओढ्यावर आला नव्हता, हे गावाला ठाऊक होतं. म्हणजे चप्पल त्याच दिवशी बांधली होती. म्हणजे सरायीच्या मागच्या दाराशी परातीतले मासे पाहून "कुठले रे?" विचारताना त्याला ठाऊक होतं. "कुरो इतक्यात निवळला?" म्हणतानाही ठाऊक होतं. पेंढ्याची चप्पल घालणारा गावात दुसरा होता कोण? आणि एवढी बारीक गाठ मारणाऱ्या माणसाचे डोळे त्याच दिवशी दुपारपर्यंत गेले होते.

मग एकेक गोष्ट त्याच्यापुढे येऊन उभी राहू लागली. टोफूवालीच्या हातून एकेक नाणं घेणारा शिनपेई. कोपराला धरून पूल ओलांडणारा शिनपेई. आणि ओट्यावर बसून आपण घसा ताणून वाचलेल्या त्या सूचना, तीन महिने, दर आठवड्याला, ज्याला त्या अक्षर न् अक्षर दिसत होत्या अशा माणसाला. एका ठिकाणी आपण चुकून भलतीच तारीख वाचली होती आणि शिनपेईने हळूच विचारलं होतं, "नीट बघ बरं, चौदा आहे का?" ते आठवून तोमेझोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आसपास पाहणारं कुणी नव्हतं, तरी झाकलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि शेताने कुंपणाची अब्रू राखली होती.

काठीचे तुकडे त्याने वेगळे केले, पुसले आणि पिशवीत घातले. आता लगेच खाली जायचं, शिनपेईच्या दारात उभं राहायचं आणि सांगायचं, हे त्याला स्पष्ट कळत होतं. पण सांगायचं काय? त्याने वाक्य जुळवलं, ते खोटं वाटलं. दुसरं जुळवलं, त्यात फुसाएचं नाव आलं, म्हणजे दोष तिच्यावर ढकलल्यासारखं झालं. तिसऱ्यात पाऊस आला. अकरा वाजले, बारा वाजले. भाताचे गोळे त्याने सोडले आणि तसेच परत बांधले. समोर भट्टीच्या वरच्या डोहात मासे उसळत होते, हंगामाचा शेवटचा दिवस असल्याचं त्यांना माहीत असल्यासारखे, आणि हा त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. एकदा उठला, दहा पावलं उतरला आणि परत येऊन बसला. माणसाला लाज वाटते तेव्हा तो फार साधा-सरळ असतो असं नाही. तो नुसता स्वतःकडेच बघत बसतो.

तीनच्या पुढे ऊन कड्यावर चढलं आणि ओढ्यात थंडी उतरली, तेव्हा कुठे तो निघाला. तोंडाशी येऊन त्याने सकाळची गाठ सोडली. तांबड्या मातीत रबरी बुटांची ताजी पावलं होती, गाठीपर्यंत आलेली आणि तिथूनच वळून गेलेली. गाठीसमोर माती जरा जास्त दबली होती, कुणी बराच वेळ उभं राहिल्यासारखी. कुणीतरी नागोयाचा असेल, तोमेझोच्या मनात आलं, पाटी वाचून शहाण्यासारखा फिरला बिचारा. क्षणभर त्याला बरंही वाटलं. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

शिनपेई घरात शेकोटीपाशी बसून मुळ्याचं बी निवडत होता. चांगलं इकडे, पोचट तिकडे, भरभर, डोळ्यांपासून हातभर लांब धरून. तोमेझोला पाहून त्याने हात थांबवले नाहीत, म्हणजे आज त्याने सोंग केलं नाही. तोमेझो ओट्यावर चढला, गुडघे टेकले, काठीची पिशवी पुढे ठेवली आणि कपाळ चटईला लावलं. पाच तास जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्याला आठवेना.

"शिनदादा, जूनमध्ये मी तुझ्या पुढे उतरलो."

बी निवडण्याचा आवाज चालूच राहिला.

"भट्टीपाशी उतरलो. गाठ पाहिली होती. तुझीच आहे हे ओळखून उतरलो. बाराच्या बारा मासे नेझुचे होते."

"चप्पल अजून टिकली आहे का रे?" शिनपेईने विचारलं.

"आहे."

"चांगल्या विणतोस."

तोमेझोने मान वर केली नाही. चटईकडेच पाहत त्याने विचारलं, का बोलला नाहीस तेव्हा, चारचौघांत माझ्या तोंडात मारायची होतीस.

शिनपेईने बियांची ताटली बाजूला ठेवली. "मारली असती, मग? तुझी पट्टी काढून घेतली असती लोकांनी. हौदात तुझ्याशेजारी कुणी बसलं नसतं, म्हणजे मलाच बसावं लागलं असतं. डोळे गेले म्हटलं की विषय मिटत होता, म्हणून म्हटलं. नंतर कळलं की डोळे गेलेल्या माणसाला ओढ्यावर जाता येत नाही. मी काही फार पुढचा विचार करणारा माणूस नाही, तोमे."

तो हे रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखाच म्हणाला. तोमेझोचा चेहरा कानापर्यंत तापला. तो म्हणाला, मी उद्या संघात सांगतो, सगळ्यांपुढे सांगतो, तुझे डोळे नीट आहेत आणि माझं तोंड काळं आहे. पट्टी देऊन टाकतो. तू ओढ्यावर जा.

"उद्या एक तारीख आहे," शिनपेई म्हणाला.

तोमेझोला आधी कळलं नाही, मग कळलं. ओढे बंद झाले होते. मार्चपर्यंत सांगूनही काही उपयोग नव्हता.

शिनपेईने शेकोटीत एक लाकूड सारलं. मग गुडघा दाबत, आगीकडे पाहत तो बोलू लागला. "आज दुपारी राहवलं नाही. शेवटचा दिवस, हवा ही अशी. म्हटलं या वेळेला कोण बघतंय. नातवाने सुट्टीत इथे टाकलेली एक आखूड काठी आहे, ती घेतली आणि गेलो हळूहळू. दोनदा बसलो वाटेत. जाऊन बघतो तर गाठ."

तोमेझोच्या डोळ्यांपुढे तांबड्या मातीतली पावलं आली.

"तुझी गाठ. म्हटलं, काठी ओली करायला आला असेल, बरं झालं. परत आलो." पहिल्यांदाच त्याच्या आवाजात हावरेपणा आला, मासे धरणाऱ्या माणसाचा असतो तसा. "भट्टीच्या वर पाणी कसं होतं रे? त्या मोठ्या डोहात वर येत होते का?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ते खोटं या म्हाताऱ्याला आनंद देणारं होतं. पण तोमेझोने जे होतं तेच सांगितलं.

"भट्टीच्या वर मी गेलोच नाही. दहाला चप्पल दिसली. तेव्हापासून तिथेच बसून होतो."

"दहापासून?"

"तुला काय सांगायचं ते जुळवत होतो."

बाहेर उजेड संपत आला होता.

"म्हणजे वरचं पाणी दिवसभर रिकामंच होतं," शिनपेई म्हणाला.

"हो."

शिनपेईने बियांची ताटली परत मांडीवर ओढली. तोमेझो तसाच, कपाळ चटईला लावून बसून राहिला, आणि त्याला ऊठ म्हणायला शिनपेईने फार वेळ लावला.